भाकर चालत नाही

मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवणारे आमचे गुरुजी सांगायचे, की पूर्वेकडची मंडळी आणि पश्चिमेकडची मंडळी एकमेकींपासून फुटल्या, त्या भांडणात एक कारण भाकरीचं होतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून खातात ती प्रभुभोजनाची भाकर आंबवलेली असावी की बिनआंबवलेली, यावरून मोठमोठे धर्मगुरू एकमेकांना शाप देत बसले. वर्गात आम्ही पोट धरून हसलो होतो. परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा मी दोन्ही बाजू झकास लिहिल्या आणि शाबासकी मिळवली. पुढे वऱ्हाडात त्याच भाकरीने माझी नोकरी खाल्ली, तेव्हा मात्र हसू आलं नाही. राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि म्हातारपणी माणूस निवळतो असं जे म्हणतात ते निदान माझ्या बाबतीत खोटं आहे.

मी मिशनचा उपदेशक होतो. उपदेशक म्हणजे सगळं करायचं, फक्त पाळकाचं करायचं नाही. शाळा चालवायची, औषधाच्या गोळ्या वाटायच्या, प्रेताला माती द्यायची, नवरा-बायकोची भांडणं सोडवायची, रविवारी उपदेश करायचा. पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन देण्याचा अधिकार गोऱ्या मिशनरी साहेबाचा. साहेब वाशीमच्या बंगल्यावर राहायचा आणि हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर निघायचा; एरवी प्रभुभोजनापुरता येऊन जायचा. आमचं गाव मेडशीच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. तिथे मी, माझी बायको आणि पोरं गाव आणि महारवाडा यांच्या मधल्या पडक्या जागेत राहत होतो. माझे आजोबा दुष्काळात अनाथ झालेले, मिशनने वाढवलेले. त्यांची जात कुणाला ठाऊक नव्हती, त्यामुळे माझीही नव्हती. गावाला मला कुठे बसवावं हे कळत नसे, म्हणून मी बहुतेक उभाच असे.

काम कसं चालायचं ते सांगतो. शिरपूरच्या यात्रेला आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून पत्रकं वाटायचो. तारण, पश्चात्ताप, स्वर्गाचं राज्य, असं सगळं सुंदर टायपात छापलेलं. यात्रेकरू हात पुढे करून घ्यायचे, पुढच्या वळणावर त्यात फुटाणे बांधून घ्यायचे. साहेब संध्याकाळी विचारायचा, किती लोकांनी घेतली? मी म्हणायचो, सगळ्यांनी. तो खूश व्हायचा. मलाही त्यात काही वाईट वाटत नसे, कारण फुटाण्यांचा तरी उपयोग होता.

पण गावात, वर्षानुवर्षं राहून, दोन माणसं खरोखर आली. ती पत्रकांनी आली नाहीत.

पहिली आली ती महारवाड्यातली एक विधवा म्हातारी. मजुरीवर जगणारी, अंगाने काटकुळी, आवाजाने दणदणीत. मी तिला मावशी म्हणायचो. तिचं सगळं आयुष्य गावच्या दारात उभं राहून भाकर मागण्यात गेलेलं होतं. भाकर मिळायची, पण ती वरून टाकायची. ही पदर पसरून ओट्याखाली उभी राहणार, वरची बाई हात न लागेल अशा बेताने भाकर सोडणार. कधी पदरात पडायची, कधी मातीत. मातीतली ती झटकून घ्यायची. एकदा उपासनेत आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणत होतो, तीत रोजची भाकर मागण्याची ओळ आली, आणि ही मध्येच मोठ्याने म्हणाली, "मास्तर, हा देव भाकर कशी देते? वरून टाकते का हातात देते?"

लोक हसले. मी नाही हसलो. मी म्हणालो, "मावशी, हातात देतो. स्वतःच्या हाताने मोडतो आणि हातात देतो. आणि त्याच्या मेजावर कुणाच्याही हातची भाकर चालते."

हे मी काही तिला खूश करायला बोललो नव्हतो. माझा त्यावर विश्वास होता, आजही आहे. ख्रिस्ती धर्माचं सगळं पांडित्य एका हाताला आणि हे एवढं एका हाताला ठेवलं तर मी हे उचलीन. देव मनुष्य झाला, सुताराच्या घरी राहिला, नको त्यांच्या पंगतीला बसला, आणि शेवटी आठवण म्हणून काय मागे ठेवलं, तर एक जेवण. सिंहासन नाही, पोथी नाही. म्हातारीने बाप्तिस्मा घेतला तो या एका बोलण्यावर.

दुसरा आला तो कुणबी. बऱ्यापैकी जमिनीचा कास्तकार, बोलण्यात तिरकस. तो आला तोच भांडायला. द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट मी शाळेच्या ओट्यावर सांगत होतो, सकाळी कामाला लागलेल्याला आणि संध्याकाळी आलेल्याला मालक सारखीच मजुरी देतो ती. हा रस्त्याने चालला होता, तो थांबला. "मास्तर, असं केलं त दुसऱ्या दिशी सकाळी कोन येईन कामाले? तुमचा देव वावर बुडवते!" पुढचे कितीतरी महिने तो त्या मालकाच्या मूर्खपणावर माझ्याशी वाद घालत राहिला. वाद घालता घालता माणूस कसा आत येतो हे मला कधीच नीट कळलं नाही, पण आला. नाल्याच्या डोहात साहेबाने त्याला बाप्तिस्मा दिला. भावकीने त्याच्याशी रोटीव्यवहार तोडला. तरी तो डगमगला नाही. अडला तो एकाच ठिकाणी.

"मी देवाले मानतो, मास्तर," तो मला म्हणाला, "पन त्या बुढीच्या हातची भाकर माह्या घशाखाली उतरन का नाही, हे मले सांगता येत नाही. उगाच लबाडी कायले करू?"

मी म्हणालो, घाई नाही. तो वर्षभर प्रभुभोजनाच्या दिवशी येऊन मागे बसायचा, आणि तबक आलं की मान हलवायचा. म्हातारीने काही भाकर केलेली नसे, तबकात साहेबाचा पाव असे, पण तिचा हात ज्या तबकाला लागला ते त्याला नको असे. म्हातारी ते बघायची. मग एका हिवाळ्यात, ज्वारी खळ्यावर आली होती त्या दिवसांत, तो माझ्या दारात आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "या खेपी खातो. बुढीलेच करू द्या भाकर. अर्धवट कायले? खायचीच त तिच्याच हातची खातो."

माणसाला असं बोलायला काय लागतं ते वऱ्हाडातल्या माणसालाच कळेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तसाच महारवाड्यात गेलो आणि म्हातारीला सांगितलं, की येत्या प्रभुभोजनाची भाकर तुमच्या हातची.

साहेबाची परवानगी मी घेतली नव्हती. भाकरीला परवानगी लागते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या शास्त्रात भाकर म्हटलंय, प्रार्थनेत भाकर म्हटलंय, साहेब स्वतः मेजापाशी उभा राहून "प्रभूने भाकर घेतली" असं खणखणीत वाचायचा, आणि हातात घ्यायचा अकोल्याहून मोटारीने आणवलेला पाव. मला वाटायचं, बिचाऱ्याला भाकर मिळत नाही म्हणून पावावर भागवतोय.

म्हातारीने नवी ज्वारी निवडली, जात्यावर दळली, नवं मडकं आणून त्यात पाणी भरलं. आणि नाल्यावर, जिथे सगळ्या बाया धुणं धुतात, तिथे ती सांगत सुटली. गावातल्या बायांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "माह्या हातची भाकर देवाच्या मेजावर जाऊन राह्यली! कुनबी बी खाईन अन् सायेब बी खाईन!" माझी बायको मला म्हणाली, जरा हळू बोलायला सांगा तिला. मी म्हणालो, बोलू दे की. जन्मात एकदा बोलायला मिळतंय.

रविवारी शाळेची खोली भरून गेली. दारात, खिडकीत गावातली माणसं उभी, कुणब्याला बघायला आलेली. मेजावर पांढरं फडकं, पितळी ताटात भाकर, वर स्वच्छ रुमाल. कुणबी पहिल्यांदाच पुढे बसला होता, म्हातारीपासून हातभर अंतरावर, कपाळावर घाम. साहेब बैलांच्या दमणीतून उतरला, झगा घातला, आत आला. सोबत त्याचा चांदीचा पेला आणि पावाचा डबा. त्याने ताटावरचा रुमाल उचलला, भाकर बोटांनी जराशी वर करून बघितली.

"हे काय आहे?"

"भाकर, साहेब."

त्याने मान हलवली आणि मुन्शीने शिकवलेल्या स्वच्छ मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाही. ही चालत नाही. बाजूस ठेवा." मग बोटांना लागलेलं पीठ त्याने खिशातला हातरुमाल काढून पुसलं.

चालत नाही. मराठीत शब्दांचा एवढा भरणा असताना त्या माणसाच्या तोंडी नेमके हेच दोन आले. महारवाड्यातल्या प्रत्येक माणसाने ते जन्मभर ऐकलेले होते. विहिरीवर, देवळाच्या पायरीशी, लग्नाच्या मांडवाबाहेर. तुमच्या हातचं आम्हाला चालत नाही. आणि ते बोलून झाल्यावर बोटं पुसायची, हेही प्रत्येकाने बघितलेलं होतं. साहेबाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की या विधीला गव्हाचा पाव लागतो. पण तो काय म्हणाला ते खोलीतल्या लहान पोरालाही कळलं, एकट्या साहेबाला सोडून.

ताट मीच उचलून बाजूला ठेवलं. साहेबाने डबा उघडला. डब्यात कोंडून आलेल्या पावाला एका अंगाने हिरवी बुरशी चढली होती. त्याने चाकूने ती खरवडून काढली, आणि जे उरलं ते पवित्र केलं. म्हातारी जागेवरून हलली नाही. तिने पदर पुढे ओढून घेतला, आणि तबक तिच्यापाशी आलं तेव्हा हात बाहेर काढला नाही. कुणब्याने पाव घेतला. खाल्ला. उपासना संपल्यावर दाराशी मला गाठून तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, सुटका होती:

"मास्तर, सायबाले बी तिच्या हातची चालत नाही. मंग मले काहून वर्षभर घोर लावला व्हता?"

मी तडक गावाबाहेर लावलेल्या त्याच्या तंबूत गेलो. साहेब झग्याची घडी घालत होता. आता या माणसाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी अन्याय करीन. तो वाईट नव्हता. इन्फ्लुएन्झाच्या साथीत घरातले लोक प्रेताजवळ जायला भीत होते, तेव्हा याच महारवाड्यातली प्रेतं त्याने स्वतःच्या खांद्यावर वाहिली होती. त्याच्या मनात म्हातारीच्या जातीचा विटाळ कणभर नव्हता. आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. दुष्ट माणसाशी भांडता येतं. या भल्या माणसाचं काय करायचं?

मी म्हणालो, भाकर का नाकारलीत? तो शांतपणे म्हणाला, प्रभूने गव्हाची भाकर मोडली, मंडळीने सर्व काळी गव्हाचीच मोडली, एका खेड्याच्या सोयीसाठी परंपरा बदलता येत नाही. मी म्हणालो, द्राक्षारसाच्या ऐवजी तुम्ही कारंज्याच्या बाजारातल्या मनुका उकळून त्यांचं पाणी देता, ते कोणत्या परंपरेत बसतं? तो म्हणाला, मनुका हीदेखील द्राक्षंच. मी म्हणालो, प्रभूने हजारो लोकांना जेवू घातलं तेव्हा त्या पोराच्या शिदोरीत सातूच्या भाकरी होत्या, गरिबाच्या. त्यांना त्याने नाही म्हटलं नाही. साहेब हसला आणि म्हणाला, "तो चमत्कार होता. हा संस्कार आहे."

हे वाक्य मी अनेकदा घोळवून पाहिलं आहे. शास्त्राच्या दृष्टीने त्यात खोट काढणं कठीण आहे, आणि माणसाच्या दृष्टीने इतकं पोकळ वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. देव देहधारी झाला असं आम्ही घसा फोडून सांगतो. वऱ्हाडात मात्र देहधारी झाला तर त्याने ज्वारी खायची नाही, अकोल्याच्या गाडीची वाट बघायची.

मग मी त्याला ते दोन शब्द समजावून सांगितले. कोण कुणाला ते म्हणतं, बोटं पुसणं म्हणजे काय, सगळं. तो खरोखर चपापला. म्हणाला, "पण मी धान्याविषयी बोललो. हाताविषयी नाही." मी म्हणालो, तर मग आत्ता बाहेर चला आणि लोकांपुढे हे सांगा. तो म्हणाला, विधीच्या नियमाबद्दल क्षमा मागितल्यासारखं होईल. बरं, मी म्हणालो, काही सांगू नका. विधी नको, संस्कार नको. जेवणाची वेळ झाली आहे. लोक अजून बाहेर उभे आहेत. तिची भाकर घ्या आणि झाडाखाली बसून साध्या भुकेने खा. एवढ्याने भागेल.

साहेबाने खाली पाहिलं. "माझं पोट," तो म्हणाला. "डॉक्टरांनी खेड्यातलं काही खाऊ नये असं सांगितलं आहे." तंबूमागे त्याचा खानसामा कोंबडी शिजवत होता, तिचा वास आत येत होता. मला माहीत आहे, त्याचं पोट खरोखरच नाजूक होतं. कारण खरं होतं. आधीचंही खरं होतं. दोन खरी कारणं एकत्र केली आणि त्यातून बरोबर तेच निघालं जे गावातला अडाणी माणूस एकही कारण न देता करायचा.

हे इथेच संपलं असतं तर मी कदाचित दात-ओठ खात राहिलो असतो, नोकरीत राहिलो असतो. पण पावसाळा उलटून गेल्यावर कुणब्याच्या भावकीतली आणखी काही घरं मंडळीत यायला तयार झाली. वाटाघाटी थेट बंगल्यावर झाल्या, मला वगळून. त्यांची अट एकच: पेला वेगळा पाहिजे. महारवाड्याचे ओठ लागलेला पेला आम्ही लावणार नाही. साहेबाने ते मिशनच्या कमिटीपुढे ठेवलं. कमिटीने प्रार्थना केली, चर्चा केली, आणि ठरवलं, की विश्वासात अशक्त असलेल्या बांधवांसाठी तूर्त दोन पेले चालतील.

चालतील! ज्या परंपरेला ज्वारीचा एक दाणा सोसत नव्हता, तिने पेला सरळ दुभंगून दिला. गव्हासाठी प्रभूची आज्ञा, आणि पेल्यासाठी स्थानिक रीत. प्रभूने सगळ्यांना मिळून एकच पेला दिला होता हे त्या खोलीत कुणालाच आठवलं नसेल का? आठवलं असणार. त्यांचं शास्त्र माझ्यापेक्षा पक्कं होतं. पण कुणबी मंडळीत आले की दौऱ्याचं सार्थक होतं, मायदेशी कळवायला आनंदाची बातमी होते. म्हातारीची बातमी कुठे होते?

साहेबाने मला बोलावून सांगितलं, की चांदीचा पेला कुणब्यांना मी स्वतः देईन, दुसरा तुम्ही महारवाड्यातले लोक बसतात त्या चटईवर फिरवा. मी विचारलं, दुसरा कशाचा आहे? पितळेचा होता. मी म्हणालो, मी तो हातात धरणार नाही. साहेब म्हणाला, तुम्ही थकला आहात, थोडे दिवस विश्रांती घ्या. मी म्हणालो, थकलेलो नाही, संतापलेलो आहे, आणि विश्रांती नको, राजीनामा घ्या. त्याला माझा राग कळेना. जाताना तो माझा हात हातात घेऊन कळवळून म्हणाला, एका भाकरीसाठी तुम्ही प्रभूचं काम सोडता? मी हात सोडवून घेतला.

बंगल्यावरून परतलो तो घरी न जाता थेट महारवाड्यात गेलो. म्हातारी त्या रविवारपासून उपासनेला आलेली नव्हती. नाल्यावर बाया तिला विचारायच्या, "काय वं, सायबानं खाल्ली का तुही भाकर?" म्हणून ती धुणंसुद्धा लांब, खालच्या अंगाला नेऊ लागली होती. ती चुलीपुढे बसली होती. मी दारात उभा राहून एका दमात सगळं सांगितलं. दोन पेले, माझं भांडण, राजीनामा. खरं सांगायचं तर मला छाती फुगल्यासारखं झालं होतं. वाटलं, तिला बरं वाटेल. कुणीतरी तिच्यासाठी काहीतरी सोडलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. तव्यावरची भाकर काढून विस्तवाला उभी केली.

"तुमाले दुसरी नौकरी भेटन, मास्तर," ती म्हणाली. "तुमी शिकेल मानूस. पोरंबाळं उपाशी नाही राह्यची."

मी म्हणालो, "मावशी, तुमच्यावर अन्याय झाला म्हणून सोडली मी."

"अन्याय त जन्माचाच हाय." तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तिने माझ्यावर आवाज चढवलेला नव्हता. "आधी बी दुखतच व्हतं. पन सवय व्हती, मास्तर. वरून पडली का झेलाची, मातीत पडली का झटकाची, मनात काही आनाचं नाही. तुमी म्हनलं, हातात देते. तुमी म्हनलं, तुह्या हातची चालते. तुमी माही ते सवय मोडली. आता मी त्याईच्या दारात जाऊन उभी राहते त माहा पदरच पसरत नाही. देवाच्या दारात बी जागा नाही अन् लोकायच्या दारात बी उभं राहवत नाही. आता मी कुठी जाऊ, ते सांगा."

तिने भाकर टोपल्यात टाकली आणि पुढची थापायला घेतली.